टाचेवरचा डाग

नवीन जालना,
पोळ्यानंतरचा सोमवार

ती. आक्कास शि. सा. न.

दाजींच्या टाचेवर काळा डाग आलाय असं काल फोनवर म्हणालीस आणि लगेच, "तीळच असेल रे, दुखत तर नाही." तो दुखत नाही, याचीच मला काळजी वाटते.

साधा तीळ कसा असतो? दोन्ही अर्धे सारखे, कड नितळ, रंग एकच, आणि वर्षानुवर्षं आहे तसाच. तसं नसेल किंवा डाग 6 मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर शंका घ्यावी, अशी खूण न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1985 साली घालून दिली. 'बदलणारा डाग' हा मुद्दा 2004 मध्ये जोडला गेला. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हाच. पण ही खूण मुख्यतः गोऱ्या कातडीवरून ठरली. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कॅन्सर, क्वचितच होतो. झाला तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली. तिथं कोण बघतं? बॉब मार्ले हा जमैकाचा गायक, तुझ्या नातवाला ठाऊक असेल. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये हाच निघाला. आधी फुटबॉलचा मार वाटला होता. 1981 मध्ये तो गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी.

दाजींची नखंही बघ. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर काळसर रेघा असतात, त्यांचं काही नाही. एकाच नखावर रेघ असेल, ती रुंदावत असेल, काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर मात्र मला लगेच सांग.

तळपायाचं दाजींना चटकन कळेल. तिथली कातडी म्हणजे सरी-वरंबाच. कातडीचे डॉक्टर उजेडाच्या भिंगातून बघतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत असतो. मेलॅनोमाचा वरंब्यावर, जिथं घामाची छिद्रं उघडतात. जपानी डॉक्टरांनी हे बारकाईनं मांडलं. बाहेरून लागलेला रंगही वरंब्यावरच बसतो, म्हणून डागावर बिब्बा, मेहंदी, चुना काहीही लावू नकोस. ब्लेडनं तासू तर मुळीच देऊ नकोस.

हे इतकं बजावतोय त्याला कारण आहे. मोंढ्यातला एक हमाल तळपायाची जखम घेऊन माझ्याकडे आला होता. भोवरी समजून मी दोनदा मलम दिलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा जांघेत गाठ होती; तो मेलॅनोमा होता आणि पसरला होता. त्यानंतर अनवाणी माणूस दारात आला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते.

"चाकू लागला की पसरतं," असं दाजी म्हणतील. तसं होत नाही. डाग काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही, आणि तो किती खोल गेलाय हे मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असला तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनंच भागतं. तशी वेळ आलीच, तर छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे; मी सोबत येईन.

हा साधा तीळच निघण्याची शक्यता जास्त आहे. तरी गुरुवारी त्यांना घेऊन ये. आज दिवसा उजेडी डागाशेजारी पट्टी धरून नातवाला फोटो काढायला सांग. टाच आधी साबणानं धू, शेतातली काळी माती भेगांत बसलेली असते.

तुझा
धाकटा भाऊ