खाचरातला मुक्काम

मे संपता संपता भंडारदऱ्याला लोक जातात ते काजव्यांसाठी. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. घोटी, बारी, वारंघुशी करत शेंडी गाठली, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि जलाशयाच्या कडेकडेने मुक्कामाच्या वाडीत पोचलो.

‘लेकसाइड कॅम्पिंग’ म्हणजे प्रत्यक्षात भाताचं खाचर होतं. दिवाळीच्या सुमारास पीक निघालं की ते पावसापर्यंत मोकळंच असतं, म्हणून घरमालकाने त्यात तंबू ठोकलेले. आत गादी होती, पण पाठीला भाताची धसकटं कळत होती. कोपऱ्यात जमिनीचा एक काळा तुकडा दिसला, सपाट आणि ऐसपैस. मी म्हटलं, आमचा तंबू तिकडे सरकवू या का?

“तिथं नको दादा, राब भाजलाय.”

शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून भाजलेल्या त्या जमिनीवर पहिल्या पावसाला भाताचं बी पडणार होतं. सगळं खाचर पाहुण्यांना दिलं होतं, तेवढा तुकडा सोडून.

लेकही तसं लांबच होतं. मधे भेगाळलेला गाळ, त्यावर चरणारी गुरं. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण प्रवरेच्या खालच्या अंगाची शेती भिजवण्यासाठी बांधलेलं; उन्हाळी आवर्तन सुटलं की इथला काठ मागे मागे जातो. “पाणी आमच्या दारात, ऊस त्यांच्या शेतात,” मालक म्हणाले. बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हे वाक्य त्यांनी बऱ्याच पाहुण्यांना ऐकवलं असावं, असं मात्र वाटलं.

अंधार पडल्यावर त्यांनी आमच्या हातातल्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या आणि ओढ्याकडे नेलं. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग एका सादड्याच्या खोडाशी दोनचार ठिपके, आणि बघता बघता अख्खं झाड. एका फांदीवरून सुरू झालेली लुकलुक शेंड्यापर्यंत जायची, क्षणभर सगळं विझायचं, पुन्हा पेटायचं. शेजारच्या हिरड्याने तोच ताल उचलला होता. हे नर माद्यांना बोलावतात, आणि त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो. पाऊस नीट लागला की खेळ संपतो. तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी मोठे दिवे टाकून गेली आणि त्या बाजूची झाडं काळी पडली. ती पुन्हा उजळायला लागलेला वेळ मला फारच मोठा वाटला. काजवे बघायला गाडी घेऊन झाडाखाली जाणाऱ्यांना काय दिसत असेल, कोण जाणे.

परतलो तर शेजारच्या तंबूवाल्यांनी स्पीकर लावलेला. मालकांनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायला त्यांची आई गेली. स्पीकर बंद झाला. म्हातारी काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही.

सोयींबद्दल लिहायचं तर संडास स्वच्छ होता, अंघोळीला एक बादली. जेवण मात्र तंबूंत आणून देत नव्हते, ते मला आवडलं. घराच्या ओटीवर पंगत. चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाडग्यात करवंदं. वहिनी आग्रह करत नव्हत्या, पानात भाकरी संपायच्या आत दुसरी पडत होती.

सकाळी चहा पिताना मी विचारलं, तंबू बरे की भात? मालक हसले. तंबूंचे पैसे हातात लगेच येतात, पण काजवे चार आठवडे आणि शनिवार-रविवार तेवढेच. भात घरात वर्षभर पुरतो. “आता पाऊस आला की तंबू माळ्यावर. आवणीला या. तेव्हा ओटीवर झोपायचं, पैसे नाही घेणार.”

“आणि चिखलात काम?”

“ते करावंच लागंल,” वहिनी आतून म्हणाल्या, “फुकट जेवायचं म्हणजे!”