जुन्या गाडीची संहिता

मोटारींच्या परिभाषेतील ‘ग्रँड टूरर’ हा शब्द मुळात शिक्षणाच्या आणि वाङ्मयाच्या इतिहासातला आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडातील खानदानी तरुणांनी शिक्षणाची सांगता म्हणून फ्रान्स ओलांडावा, आल्प्स चढावेत, इटलीत भग्नावशेष पाहावेत, चित्रे विकत घ्यावीत आणि जमल्यास थोडे शहाणे होऊन परत यावे, अशी रीत होती. तिला ‘ग्रँड टूर’ म्हणत. लॉरेन्स स्टर्नने 1768 मध्ये अशा प्रवासांच्या वर्णनांची थट्टा करणारे पुस्तक लिहिले; गटे 1786 मध्ये इटलीस गेला आणि परतला तो निराळा होऊन. विसाव्या शतकात इटालियन मोटारवाल्यांनी हा शब्द उचलला आणि दोन माणसे, त्यांच्या बॅगा व एक मोठे इंजिन एवढाच संसार असलेल्या गाडीला ‘ग्रान तुरिस्मो’ म्हटले. शर्यतीच्या गाडीशी तिचे नाते चुलत बहिणीचे. शर्यतीची गाडी वळणावर खूश असते. हिला लांबचा रस्ता लागतो. सकाळी एका देशातून निघून रात्री दुसऱ्या देशात जेवायला बसावे आणि पाठीला त्याची खबर नसावी, एवढी तिच्याकडून अपेक्षा.

अशी एक गाडी आमच्या दारात 2008 पासून उभी आहे. (हे क्रियापद वर्षातले काही महिने शब्दशः खरे असते.) ती 1983 सालची जग्वार एक्सजे-एस. आम्ही राहतो त्या कॉव्हेंट्री शहरातच, ब्राउन्स लेनच्या कारखान्यात, तिची जुळणी झाली. तेथील जुळणी 2005 मध्ये थांबली आणि त्या जागेवर पुढे घरे उभी राहिली. आम्ही गाडी घेतली त्याच वर्षी जूनमध्ये टाटा मोटर्सने जग्वार कंपनी विकत घेतली. पुण्याहून काकांचा फोन आला. काका टेल्कोतून निवृत्त झालेले. “अरे, आम्ही अख्खी कंपनी घेतली, आणि तू एकच गाडी काय घेतोस?” असे म्हणून ते बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, “अ‍ॅव्हरेज किती देते?” आम्ही खरा आकडा सांगितला: लिटरला पाच, फार तर साडेपाच किलोमीटर. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही.

या गाडीचा जन्म अवेळी झाला. 1973 च्या तेलसंकटातून जग सावरते न सावरते तोच, सप्टेंबर 1975 मध्ये, 5.3 लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन घेऊन ती बाजारात आली. त्याच वर्षी तिची मालक कंपनी ब्रिटिश लेलँड सरकारला ताब्यात घ्यावी लागली. लोकांच्या डोळ्यांत अजून ई-टाइप होती. तिच्या जागी आलेली ही लांबट, गंभीर आकृती अनेकांना रुचली नाही. मागच्या काचेच्या दोन्ही अंगांनी पत्र्याच्या दोन भिंती उतरत जातात. गॉथिक चर्चच्या बाहेरील टेकूंवरून त्यांना ‘फ्लाइंग बट्रेस’ म्हणतात. त्यांच्यावर तर त्या काळी बरीच टीका झाली. आकृतीची मूळ कल्पना माल्कम सेयर यांची. ते विमानविद्येतून मोटारींकडे आलेले. रेषा गणिताने काढीत आणि कोणी ‘स्टायलिस्ट’ म्हटले तर त्यांना ते खपत नसे. 1970 मध्येच ते वारले आणि गाडी इतरांनी पूर्ण केली. म्हणजे आम्ही जिला ‘मूळ’ म्हणतो ती संहिताही एकहाती नाही. 1980 मध्ये तर वर्षाचे उत्पादन हजाराच्या आसपास उतरले होते. पुढच्या वर्षी स्विस अभियंता मायकेल मे यांच्या रचनेची नवी सिलिंडर-हेड आली, पेट्रोल वाचू लागले (किती, ते काकांना विचारावे), आणि बंद पडायच्या बेतात असलेली ही गाडी 1996 पर्यंत बनत राहिली. सगळ्या मिळून एक लाख पंधरा हजारांहून अधिक झाल्या. आमची त्या नव्या हेडच्या पिढीतली.

तिचे आकर्षण कशात आहे, असे आम्हांस विचारले जाते. दारातल्या गाडीकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नाही. गावात ती वाईट वागते. तापते, जागा अडवते, वळायला त्रास देते. 2011 च्या उन्हाळ्यात आम्ही कॅलेहून तोरिनोला गेलो. रॅन्सपर्यंत गव्हाची सपाट शेते, सरळ रस्ता, ताशी 130 किलोमीटर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत होते, म्हणजे त्याच्या दृष्टीने जवळजवळ विश्रांतीच. पहिले दोन तास काही विशेष घडले नाही. तिसऱ्या तासाला मात्र गाडी बदलली. बदलली हे निरीक्षण आमचे एकट्याचे नाही, शेजारच्या आसनावरूनही तसेच ऐकू आले. स्टिअरिंगमधला जडपणा गेला, पत्र्याच्या कुरकुरी थांबल्या, सगळ्या यंत्राने एकच ऊब धरली आणि पुढचे लांबलचक बॉनेट एखाद्या होडीच्या नाळेसारखे क्षितिजावर ठेवल्यागत स्थिर झाले. वेग जाणवत नव्हता. अंतर जाणवत होते. ग्रेट सेंट बर्नार्डचा बोगदा ओलांडून आओस्ताच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा उन्हे कलली होती. एका मोठ्या कादंबरीच्या मध्यावर, लेखकाला आता घाई नाही हे कळल्यावर, वाचणाऱ्याचा श्वास जसा लांबतो तसे काहीसे ते होते. तसा दिवस पुन्हा आलेला नाही. आता वर्षाला जेमतेम हजार-बाराशे मैल होतात, तेही आसपासच्या परगण्यांत. तरी त्या तिसऱ्या तासाची शक्यता गाडीत शाबूत ठेवायची, यासाठी बाकीचा सगळा खटाटोप आहे.

खटाटोपाचे मूळ कारण उष्णता. या इंजिनात सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा एकमेकींशी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा कोन करून बसतात आणि त्या दरीत डिस्ट्रिब्युटर, वायरी, पेट्रोलच्या नळ्या असा सगळा प्रपंच कोंबलेला असतो. इंजिन थांबल्यावरही दरीतली धग तासभर उतरत नाही. चाळीस वर्षे अशी धग खाल्लेली वायर वाकवली की पापडासारखी मोडते. बारा इंजेक्टरांना जोडणारे रबराचे तुकडे कडक होऊन झिरपू लागले तर तापलेल्या धातूवर पेट्रोल पडते आणि गाडी पेटते. म्हणून ते वेळच्या वेळी बदलणे हे या पंथाचे पहिले व्रत. ऑइल दहा-अकरा लिटर लागते, रेडिएटरचे पाणी वीस लिटरच्या आसपास. बारापैकी काही स्पार्क प्लग सहज हाती लागतात. पुढचे मात्र एसीच्या कॉम्प्रेसरखाली अशा जागी आहेत की तेथे बोटांना डोळे असावे लागतात. उरलेले काम इंग्लंडातील हिवाळा करतो. रस्त्यावर टाकलेले मीठ पत्र्याच्या घड्यांत शिरते आणि त्या डौलदार टेकूंच्या खालून गंज सुरू होतो.

गाडीने चाळिशी ओलांडली तेव्हा ब्रिटिश सरकारने तिला ‘ऐतिहासिक वाहन’ ठरवले. रस्त्याचा कर माफ झाला आणि वार्षिक तपासणीची सक्तीही उठली. तपासणीची खरी गरज निर्माण होते त्याच वयात ती ऐच्छिक व्हावी, हा विनोद आम्हांस अद्याप पचलेला नाही. आम्ही दर मार्चमध्ये पैसे भरून तपासणी करून घेतो.

येथवर ज्या वाचकांनी सोबत केली ते साहित्याचे आहेत, त्यामुळे आमची खरी अडचण त्यांना चटकन समजेल. अडचण पाठनिश्चितीची आहे. तुकडा तुकडा बदलत गेलेली गाडी तीच राहते का, हा प्रश्न जुना आणि थोडा कंटाळवाणा आहे. आम्हांस रोज पडतो तो अधिक क्षुद्र आणि अधिक छळणारा: बदलायचे ते कशाने? जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत नळीवरची पट्टीसुद्धा त्या सालातली हवी असा आग्रह धरणारे परीक्षक असतात. दुसऱ्या बाजूला, कारखान्याने जे पैशाअभावी केले नाही ते आपण करून टाकावे, असे मानणारे पुष्कळ. पहिल्या पक्षात भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची शिस्त दिसते. तेथे डॉ. सुकथनकरांनी हस्तलिखितांत आधार असलेलेच छापायचे, सुंदर वाटते म्हणून श्लोक सुधारायचा नाही, आणि जेथे खात्री कमी तेथे अक्षरांखाली नागमोडी रेष द्यायची, अशी पद्धत घालून दिली. दुसरा पक्ष नाथांशी नाते सांगू पाहील. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो लोकांच्या नित्य वाचनात राहावा म्हणून. पण नाथांनीच पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला आहे, हे या पक्षाला सोयीस्करपणे आठवत नाही.

आम्ही स्वभावाने सुकथनकरांच्या बाजूचे. तरी 2021 मध्ये ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, आणि 1983 च्या जातीचे रबर त्यापुढे टिकत नाही. मूळ पाठाशी इमान राखायचे तर गाडी जाळून घ्यायची तयारी हवी. आम्ही नव्या अस्तराच्या नळ्या घातल्या. जुन्या, मोडक्या, एका डब्यात घालून चिठ्ठीसह ठेवल्या. ग्रंथाच्या परिशिष्टासारखा तो डबा आहे. घरातून त्याला ‘अस्थी’ म्हणतात.

हे निर्णय आजवर आम्ही एकट्याने घेतले नाहीत. आमचे मेकॅनिक तरुणपणी रॅडफर्डच्या कारखान्यात हीच इंजिने जोडीत असत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ते बाराच्या बारा टिकटिकी ऐकतात आणि “सातवा आळशी आहे” असे सांगतात. इंजिन किती शांत चालते हे दाखवायला त्यांनी एकदा त्यावर पन्नास पेन्सचे नाणे कडेवर उभे केले होते. ते नाणे सप्तकोनी असते आणि टेबलावरही आरामात उभे राहते, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. त्यांनाही ते ठाऊक असावे. त्यांचे वय आता एक्क्याऐंशी. येत्या सप्टेंबरात ते गॅरेज बंद करणार आहेत. मुलगा संगणकात आहे.

बातमी आली ती नेमकी मोठे काम निघालेले असताना. या गाडीचे मागचे ब्रेक चाकांजवळ नसून आत, डिफरन्शियलला चिकटून असतात. रचना सुंदर आहे, पण ब्रेकच्या उष्णतेने तेथले ऑइल-सील कालांतराने भाजतात आणि ते बदलायला मागचा सगळा सांगाडा खाली उतरवावा लागतो. शिवाय दाराखालच्या सिल्स कापून नव्या जोडायच्या आहेत. खर्चाचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या वर गेला. तिचे भाग सुटे करून विकले तर जास्त पैसे येतील, असे दोघांनी शुभचिंतक म्हणून सांगितले. आम्ही रात्री कागदावर आकडे मांडले. आकड्यांचे म्हणणे स्पष्ट होते. सकाळी मेकॅनिकना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “काम करतो, पण एका अटीवर. सांगाडा तुम्ही उतरवायचा. मी खुर्चीवर बसेन.”

असे सहा शनिवार झाले. व्याख्यानाच्या खडूची सवय असलेल्या हातांना पाण्याच्या दाबाइतका जोर कोठे आणि चिमटीइतका कोठे, हे त्यांनी खुर्चीवरून शिकवले. मॅन्युअलमध्ये आकडे असतात. ते पुस्तक आमच्याकडे पूर्वीपासून आहे. मात्र त्यांच्या प्रतीच्या समासांत शिसपेन्सिलीने वेगळे आकडे आहेत: हा बोल्ट पुस्तकाहून थोडा सैल, येथली वॉशर उलटी, हे पान वाचू नये. काहींची कारणे ते सांगतात. काहींची त्यांना आठवत नाहीत, कोण्या फोरमनने 1974 मध्ये सांगितले होते एवढेच आठवते, आणि तो फोरमन केव्हाच गेला. आम्ही त्या सगळ्या टीपा आमच्या प्रतीत उतरवून घेत आहोत. नकळत मराठीत लिहू लागलो, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, “हे पुढच्या मालकाला कोण वाचून दाखवणार?” तेव्हापासून दोन्ही भाषांत लिहितो.

सील बसले. डावी सिल झाली, उजवी पुढच्या महिन्यात. ग्रीसच्या डागांमुळे त्यांच्या प्रतीतले काही आकडे नीट लागत नाहीत. मागच्या रेडियस-आर्मच्या बोल्टपाशी एक आकडा तीन आहे की आठ, ते आम्हांस ठरवता आले नाही. त्याखाली सध्या नागमोडी रेष ओढली आहे. शनिवारी विचारायचे आहे.