लोडचा क्रम

जामच्या चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद हमरस्त्याला चंद्रपूरचा फाटा फुटतो. या टापूत कापसाचे दोन कारखाने दोन तऱ्हांनी चालतात. सूतगिरणी बारा महिने, रात्रंदिवस. कापसातून सरकी काढणारी जिनिंग मात्र दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि कापसाची आवक आटली की थांबते. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर किती लोड येईल, हे आधी सांगणं माझं काम.

सूतगिरणीत संख्याशास्त्र सुखाने चालतं. एक रिंग फ्रेम डॉफिंगला, म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढायला, थांबते, तेव्हा दुसरीवर बॉबिनी भरत आलेल्या असतात आणि ती जास्त वीज ओढत असते. मोटारी अशा आपापल्या तंत्राने चालल्या, तर 100 मोटारींचा सरासरी लोड 100 पट होतो, चढउतार मात्र 10 पटच. जिनिंगमध्ये हे गृहीतक टिकत नाही. कापूस आला की सगळी जिनं एकदम सुरू. लाईन जाऊन आली की पुन्हा तेच. तिथे चढउतार एकमेकांत जिरत नाहीत, त्यांची सरळ बेरीज होते.

माझा जीव मात्र अडकतो तो क्रमात. वर्षभराच्या नोंदी मोठ्यापासून लहानापर्यंत लावून वक्र काढायची पद्धत आहे. त्यात कोणता तास कोणत्या तासामागून आला, हेच पुसलं जातं. ट्रान्सफॉर्मर तर त्या क्रमानेच तापतो! वाइंडिंग काही मिनिटांत गरम होतं, तेलाला तास लागतात. गाठी बांधणाऱ्या प्रेसचा झटका तेल सहज पचवतं. सलग दुपारभर चढलेला लोड पचवत नाही. वाइंडिंगवरच्या साध्या कागदासाठी सर्वांत तापलेल्या जागी 98 अंश हे प्रमाण धरतात. त्यापुढे दर 6 अंशांना कागद दुप्पट वेगाने जुना होतो.

आणि ऋतू? जिनिंगचा जोर थंडीत असतो. सूतगिरणी विदर्भातल्या मे महिन्याच्या 45 अंशांतही भरात असते. दोघांचा 80 टक्के लोड कागदावर सारखाच, ट्रान्सफॉर्मरच्या आयुष्याच्या हिशेबात नाही. म्हणून मला नोंदी तारीख-वेळेसह हव्यात, शेजारी हवेचं तापमान हवं. गिरणीत मी आधी मेच्या दुपारच्या नोंदी तपासतो. जिनिंगवाल्याला सांगतो, हंगाम संपला की ट्रान्सफॉर्मर पुरवठ्यापासून तोडा. लोड नसला तरी गाभ्यात वीज जळतच राहते.