भिशीच्या पैशातलं रोम



रोमहून आल्यापासून मंदिरात भेटेल ती दोनच प्रश्न विचारते. "तिकडे खाल्लं काय?" आणि "खर्च किती आला?" दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही चौघीजणी. तीन वर्षं भिशी लावून पैसे जमवले. 'दहा दिवसांत सात देश' अशा सहलींची पत्रकं बघितली आणि बाजूला ठेवली. एकच शहर बघायचं, पण पायी फिरून, असं ठरवलं. आमच्यातल्या थोरल्या ताईंचा रात्रिभोजनाचा त्याग, कंदमूळ बंद, पाणी गाळूनच. त्यांच्या घरी सगळ्यांचं म्हणणं, "या वयात कशाला? नियम मोडायची पाळी येईल." ताई एवढंच म्हणाल्या, "नियम माझा आहे. तो माझ्याबरोबर विमानात बसेल."

आधी खर्चाच्या ठरलेल्या गोष्टी. शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी विमा लागतो. या दोन्हींत काटकसर होत नाही. रोममध्ये मुक्कामावर दर माणशी दर रात्री पालिकेचा वेगळा कर असतो, खोली ठरवताना तो विचारून घ्या. आम्ही मे महिन्याचा पहिला आठवडा निवडला. चातुर्मासाच्या आधी परत येता येतं आणि तिथे तेव्हा सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो. ताईंना दिवसभर फिरून, घरी येऊन, सावकाश जेवायला वेळ मिळायचा. तिथली हॉटेलं रात्रीच्या जेवणाला साडेसातच्या सुमाराला उघडतात, म्हणजे आमच्या उपयोगाची नव्हतीच. म्हणून स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्यानं घेतलं. परदेशात बरेच पैसे हॉटेलच्या जेवणात जातात, आणि तो खर्च ताईंच्या नियमानंच वाचवला!

व्हॅटिकनजवळ त्रिओन्फाले नावाची मोठी मंडई आहे. तिथून टोमॅटो, दुधीच्या चवीच्या झुकिनी, पालेभाजी आणायची. तांदूळ आणि मसूर दुकानात मिळतात. एक जण खिचडी टाकायची, एक भाजी निवडायची. सोबत कडक भाकऱ्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी होतीच. एक लक्षात ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेव्हा तूप, पेढे, बर्फी बॅगेत घालू नका.

बाहेर खायची वेळ आली तर दोन शब्द पाठ करा. 'सेन्झा आलिओ' म्हणजे लसणाशिवाय, 'सेन्झा चिपोल्ला' म्हणजे कांद्याशिवाय. आणि चीजची चौकशी करा. पार्मेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, रोमचं पेकोरिनो कोकराच्या. शाकाहारी समजून आपण ते खाऊन बसतो. पाकिटावर 'काल्यो वेजेताले' लिहिलं असेल तर रेनेट वनस्पतीचं. चीज नकोच असेल तर 'पिझ्झा बियांका' मागा. नुसतं मीठ आणि ऑलिव्ह तेल लावलेली जाड रोटी असते, वजनावर विकतात. ज्यांना यीस्ट चालत नाही त्यांनी मात्र घरचंच खावं.

पाण्याची ताईंना फार काळजी होती. रोमच्या रस्त्यांवर सुमारे 2,500 सार्वजनिक नळ आहेत. वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना 'नाझोनी' म्हणतात, म्हणजे मोठी नाकं! 1874 पासून हे नळ बसवायला सुरुवात झाली. पाणी थंड, पिण्याचं आणि फुकट. ताई दुहेरी कापडाचं गाळणं काढून बाटली भरायच्या. पहिल्या दिवशी लोक बघत होते. तिसऱ्या दिवशी एका आजींनी थांबून खुणेनं विचारलं, ताईंनी खुणेनंच समजावलं. ही सवय आपल्याकडेही फार जुनी, त्यांच्याकडेही पाण्याचा मान जुना. त्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्याला ज्या कालव्याचं पाणी येतं, तो मुळात इसवी सनापूर्वी 19 साली बांधलेला आहे.

बघण्यासारखं बरंचसं फुकट आहे. सेंट पीटर्स चर्चला तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. साडी-पंजाबी ड्रेसवाल्यांना चिंता नाही. मायकेलअँजेलोचा मोझेस बघायला सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमध्ये जा, काराव्हाज्जोची तीन चित्रं सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये आहेत. पँथिऑनला आता 5 युरो लागतात, पण घुमटाच्या मधल्या उघड्या भोकातून आत पडलेलं ऊन बघून ते वसूल होतात. बस-मेट्रोचं तिकीट दीड युरोचं, 100 मिनिटं चालतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी कलोसियम फुकट असतं. एरवी 18 युरो. सकाळी लवकर रांग लावली, आणि तिथेच आमच्यात वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, "जिथे एवढी हिंसा झाली तिथे मी पाऊल ठेवणार नाही." ती खरंच बाहेर थांबली. तिचं बरोबरच होतं. सन 80 मध्ये या इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा शंभर दिवस खेळ चालले आणि 9,000 प्राणी मारले गेले, असं इतिहासकार कॅशियस डिओनं लिहिलंय. ताई मात्र म्हणाल्या, "आपण तमाशा बघायला जात नाही. काय झालं ते बघायला जातोय."

आत जमीन उरलेली नाही, त्यामुळे खालचे बोळ वरून दिसतात. त्यातूनच पिंजरे वर ओढायचे. आमच्यातली एक इतिहासाची शिक्षिका आहे. तिनं तेलेमाखुस नावाच्या संन्याशाची हकिकत सांगितली. थिओडोरेट या जुन्या लेखकानं ती लिहून ठेवली आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हा संन्यासी पूर्वेकडून रोमला आला, लढणाऱ्यांना थांबवायला थेट मैदानात उतरला, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. त्यानंतर सम्राट होनोरियसनं माणसांच्या झुंजी बंद केल्या. ताईंनी विचारलं, "आणि जनावरांच्या?" त्यांच्या शिकारीची शेवटची नोंद 523 सालची आहे. म्हणजे माणसांची दया आल्यावर मुक्या जिवांची दया यायला आणखी शंभराहून जास्त वर्षं लागली. ताईंनी कठड्याला हात टेकून हळू आवाजात णमोकार म्हटला, आम्हीही म्हटला. मग बाहेर येऊन थांबलेल्या मैत्रिणीला घेतलं आणि नळावर पाणी भरलं. तिला कुणी काही बोललं नाही, तीही आम्हाला काही बोलली नाही.

ताईंचा नियम एकही दिवस मोडला नाही. ज्या नियमांचं कारण देऊन त्यांना घरी बसवणार होते, त्यांच्यामुळेच आमचं जेवण स्वस्त पडलं, संध्याकाळी पाय विसावले आणि मंडईतल्या बायकांशी ओळखी झाल्या. तुमच्या घरात अशी एखादी सासू, जाऊ किंवा आई असेल तर तिला विचारून बघा, कुठे जायचंय. या महिन्यात आमची नवी भिशी सुरू झाली. पहिला हप्ता ताईंनीच भरलाय.