वैशाखांतील घळीची वाट

पापडीच्या उन्हाळ्यास वाऱ्याची उणीव नाहीं. उणीव आहे ती कोरडेपणाची. समुद्र व खाडी जवळ असल्यामुळें वैशाखांत सकाळीं नऊ वाजतांच सदरा पाठीस चिकटतो, आणि दुपारीं सावलींत बसूनहि घाम पुसण्याचें काम सुटत नाहीं. अशा दिवसांत घरांतील तरुण मंडळींनीं सांदणच्या घळींत उतरण्याचा बेत करावा, हें ऐकून कोणाहि वडील माणसाच्या कपाळीं आठी पडेल. परंतु मुलांची अडचणहि खरी आहे. हिवाळ्यांत अभ्यास व परीक्षा; पावसाळ्यांत तर ती घळ म्हणजे ओढ्याचें पात्रच, तेथें पाऊल टाकणें जिवावर बेतावयाचें. राहतो तो मे महिना. तेव्हां जावयाचेंच तर कोठवर आणि किती वाजेपर्यंत, या प्रश्नाचा आम्हीं घरांत बसून जो विचार केला, तो इतरांसहि उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें मांडीत आहों.

सांदणची घळ अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोलें तालुक्यांत साम्रद गांवाशेजारीं आहे. पापडीहून वसई रोड स्थानक, तेथून दिवा-कल्याणमार्गें कसारा, पुढें मोटारीनें घाट चढून इगतपुरी, घोटी व भंडारदरा असा मार्ग आहे. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय मागें टाकला कीं रतनगडाच्या शेजारचें साम्रद लागतें. ‘सांद’ म्हणजे फट, आणि घळ नांवास शोभेल अशीच आहे. दोन्ही बाजूंस दोनशें फुटांहूनहि उंच कातळाच्या भिंती, आणि मधली वाट धोंड्यांची व कांहीं ठिकाणीं अगदींच अरुंद. आरंभीं पाण्याचे डोह लागतात. त्यांतील पाणी उन्हाळ्यांत उतरतें. पुढें दोराच्या आधारावांचून उतरतां येणार नाहीं असे कातळाचे टप्पे आहेत. ते उतरून गेल्यास माणूस थेट कोंकणांत, शहापूर तालुक्यांतील डेहण्याच्या बाजूस पोंचतो. परत यावयाचें तर करोळी घाटाचा चढ चढावा लागतो.

येथेंच घळीचा आणि डोंगराचा फरक ध्यानांत घ्यावा. डोंगर चढतांना दमलेला माणूस मागें फिरला, तर त्याच्या वांट्यास उतार येतो. घळींत जातांना उतार, आणि दमल्यावर चढ! हल्लीं पुष्कळ घरांतील मुलें अमेरिकेंत असतात, व त्यांच्याकडे गेलेले आईबाप ग्रँड कॅन्यन पाहून येतात. ती वाळवंटी दरी काठापासून नदीपर्यंत चार हजार फुटांहून अधिक खोल आहे, आणि तिच्या तळाशीं काठापेक्षां कितीतरी अधिक उष्मा असतो. म्हणून तेथील रक्षक उन्हाळ्यांत सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत दरीच्या आंतील वाटा चालूं नयेत असें बजावतात. सांदण त्या मानानें लहान. पण नियम तोच. वरचा भाग सावलीचा व थंड असल्यामुळें पाऊल सहज पुढें पडतें, आणि ऊन लागतें तें खालीं उघड्यावर, परतीची वाट चढाची झाल्यावर.

दुसरी गोष्ट घामाची. घाम सुकतो तेव्हांच अंग निवतें. पापडीसारख्या दमट हवेंत तो सुकत नाहीं, म्हणून पारा फार न चढतांहि शरीर तापतें. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघरच्या मैदानावर भर उन्हांत झालेल्या समारंभांत उष्माघातानें दहाहून अधिक माणसें दगावलीं. त्या दिवशीं पारा चाळिशीच्या आंतच होता. घाटमाथ्यावर याच्या उलट प्रकार. तेथें घाम येतां येतांच उडून जातो. भिजलेल्या सदऱ्यावरून उन्हाची पारख करणाऱ्या आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांस कोरडा सदरा पाहून वाटतें, आज कांहींच त्रास नाहीं. आणि अंगांतील पाणी मात्र नकळत आटत असतें. यास्तव तहान लागण्याची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी घड्याळाकडे पाहून प्यावें.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण ओझ्याचा आहे. उन्हांत चालतांना माणशीं ताशीं अर्धा ते एक लिटर पाणी लागतें. पांच तासांस चार लिटर धरले, तर प्रत्येकाच्या पाठीवर चार किलो नुसतें पाणीच झालें. डोहाचें पाणी उकळल्यावांचून पिण्यास घेऊं नये. नुसतें पाणी भरमसाट पिणेंहि बरें नव्हे. घामाबरोबर मीठ जातें. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण घरांत सर्वांस पाठ असावें. खाण्यास वसईचीं सुकेळीं, दाणे-गूळ व दशम्या पुरेत. उन्हाची संवय शरीरास एक-दोन आठवड्यांत होते. म्हणून मुलांनीं आधींचे दहा दिवस पाठीवर भरलेली पिशवी घेऊन पापडीहून किल्ल्यापर्यंत रोज सकाळीं चालावें, असें ठरलें.

आकाशाचाहि भरंवसा धरूं नये. मे महिन्यांत वळीव केव्हां कोसळेल याचा नेम नसतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं अमेरिकेंतील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळींत दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा शिरून अकरा प्रवासी प्राणास मुकले. डोक्यावर ऊन आहे एवढ्यावरून मागच्या डोंगरावर ढग नाहींत असें होत नाहीं. ढग दिसला कीं आंत शिरूं नये.

सर्वांत अवघड प्रश्न दादांचा होता. आमचे हे वडीलबंधू साठीच्या पुढचे. रक्तदाबासाठीं ते अंगांतील पाणी कमी करणारें औषध घेतात. चालण्याचा उत्साह मात्र पोरांहून अधिक. ‘मला वगळून जाणार कीं काय?’ असें त्यांनीं विचारलें, तेव्हां कोणासच उत्तर सुचेना. शेवटीं डॉक्टरांनीं सांगितलें कीं, असें औषध चालू असतां भर उन्हांतील श्रम टाळावे, आणि औषध आपल्या मनानें बंदहि करूं नये. दादा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशीं कागद-पेन्सिल घेऊन तेच बेत लिहावयास बसले.

तो बेत असा : मुक्काम साम्रदला. पहांटे उजाडतांच गांवांतील वाटाड्यासह घळींत शिरावयाचें, आणि दोराच्या पहिल्या टप्प्याशीं थांबावयाचें. खालीं उतरावयाचें नाहीं. तेथें पोंचलों नसलों तरी नऊ वाजतां परत फिरावयाचें, अकराच्या आंत गांवांत. कोणी अडखळत किंवा असंबद्ध बोलूं लागला, तर तो उष्माघात समजून त्यास प्रथम सावलींत निजवून पाणी ओतावें व वारा घालावा. हलविण्याचा विचार मागाहून. घळींत फोन चालत नाहीं, म्हणून परतीची वेळ गांवांत लिहून ठेवावयाची. ती चिठ्ठी व घड्याळ दादांच्या हवालीं. अकरा वाजून गेले तर माणसें पाठविण्याचा अधिकारहि त्यांचाच. मुलांनीं थोडी कुरकुर केली. पण उरलेली घळ मार्गशीर्षांतहि तेथेंच असेल, असें दादांनीं सांगितल्यावर तीं उठून पिशव्या भरावयास लागलीं.