व्ही.पी.नं मागवायचंस ना

वडिलांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मॅजिक आय आहे. पुढच्या काचेआड उभा असलेला एक लहानसा व्हॉल्व्ह, त्यावर हिरव्या उजेडाचा पंखा. स्टेशन नेमकं लागलं की पंख्याच्या मधली काळी सावली मिटत जाते. साताऱ्याच्या घरी पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर लावायचं ते या डोळ्याकडे बघूनच, असा वडिलांचा शिरस्ता. या व्हॉल्व्हच्या आतला चकाकणारा लेप वापरून वापरून विझत जातो. आमचा विझला. त्याच्यावाचून रेडिओ वाजतो, काही अडत नाही. पण वडील आता 84 वर्षांचे आहेत आणि कानांनी त्यांना फार कमी ऐकू येतं. स्टेशन लागलं की नाही हे त्यांना डोळाच सांगायचा. तो गेल्यावर त्यांनी रेडिओ लावणंच सोडलं. तक्रार केली नाही, फक्त वर कापड टाकून ठेवलं.

मग मी ईएम 80 शोधायला लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन मिळाले, दोन्ही आमच्याइतकेच मंद. न वापरलेला जुना माल आजही युरोपातल्या हौशी लोकांकडे निघतो, असं साताऱ्यातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं. समाजमाध्यमावरच्या रेडिओवाल्यांच्या एका गटात एक गृहस्थ भेटले. राहणार बल्गेरिया, असं त्यांचं म्हणणं. पाच मॅजिक आय, शिवाय ईसीएच 81, ईबीएफ 89, ईएल 84 असा सगळा संच, टपालखर्चासकट 140 युरो. फोटो सुरेख होते.

माणूसही सुरेख होता. मी वडिलांबद्दल लिहिलं, तर त्यानं लिहिलं की त्याची आजी स्वयंपाक करताना 'आवारा'तलं गाणं गुणगुणायची. पूर्व युरोपात राज कपूर किती लोकप्रिय होता हे आपण ऐकून असतो, त्यामुळे मला भरूनच आलं. दहा-बारा दिवस आमची पत्रापत्री चालली. व्हॉल्व्हबद्दल कमी, वडिलांबद्दल जास्त.

पैशांचा विषय निघाला तेव्हा त्यानं पेपॅल सुचवलं, पण वस्तूची किंमत म्हणून नको, मित्राला पाठवतात तसं पाठवा म्हणाला, म्हणजे फी कापली जात नाही. भारतातल्या खात्यावरून तसं पाठवता येत नाही, म्हणून मी अमेरिकेतल्या भाच्याला गळ घातली. तो म्हणाला, "मामा, तेवढं सांगू नका. खरेदी म्हणून पैसे दिले तर 180 दिवसांत तक्रार करता येते. मित्राला दिलेत म्हटल्यावर तक्रार कसली करणार?" मला त्याचा थोडा रागच आला. तिकडे गेल्यापासून यांना सगळे चोर दिसतात, असं काहीतरी मी बायकोजवळ बोललो.

मग उरली थेट बँक. विक्रेत्यानं खात्याचा आयबॅन क्रमांक पाठवला. या क्रमांकाची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. बल्गेरियाची बीजी. माझ्याकडे आलेला क्रमांक एलटीनं सुरू होत होता, म्हणजे लिथुआनिया, आणि खातं तिसऱ्याच नावावर. मी विचारलं. तो म्हणाला, मेव्हण्याचं आहे, माझ्या बँकेत सध्या घोळ चाललाय. माझ्या मेव्हण्याच्या खात्यावरून आम्हीही एकदा व्यवहार केला होता, तेव्हा मला ते अगदी घरगुती वाटलं.

बँकेत ए2 फॉर्म भरला, पॅन कार्डाची प्रत जोडली. काउंटरवरच्या मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "ओळखीचे आहेत का? एकदा गेले की परत येत नाहीत हं." मी म्हणालो, "हो, ओळखीचे आहेत."

हे वाक्य मला अजून टोचतं. लोक म्हणतात, माणूस लोभापायी फसतो. सूट बघून भुलणारे असतीलही, पण मला लोभ नव्हता. मला भीड होती. फोटोबरोबर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून पाठवा, एवढं म्हणायला मला जड गेलं. ज्याच्या आजीबद्दल आपण ऐकलंय त्याला पुरावा कसा मागायचा? भीड भिकेची बहीण, हे आईच्या तोंडून हजार वेळा ऐकलेलं. ती म्हण उसनवारी मागणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे, असा माझा समज होता.

साडेबारा हजार रुपये गेले, वर बँकेचा चार्ज. चार दिवसांनी पार्सलचा ट्रॅकिंग नंबर आला. तो कुठल्याच साइटवर उमटेना. "आमचं टपालखातं संथ आहे." मग उत्तरं थांबली. ते सुरेख फोटो शोधून पाहिले तर दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीतले निघाले. बँकेनं पैसे परत मागवणारा संदेश पाठवला. पण ज्याच्या खात्यात गेले त्यानं संमती दिली तर येतील, असं उत्तर मिळालं. 1930 वर फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली. देशातल्या देशात, पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत गोठवता येतात. मी तीन आठवड्यांनी गेलो होतो आणि पैसे समुद्रापार होते. दोन महिन्यांनी एक ईमेल आली, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा. फसलेल्यांच्याही याद्या विकल्या जात असाव्यात. ती मात्र मी लगेच पुसून टाकली.

वडिलांना सांगावं लागलंच. ते जिल्हा परिषदेत हिशेबनीस होते. त्यांच्याशी मोठ्यानं किंवा लिहून बोलावं लागतं, म्हणून मी सगळी हकिगत वहीत लिहून दाखवली. स्वतःची मूर्खपणाची गोष्ट सुवाच्य अक्षरात लिहिणं हा एक वेगळाच अनुभव आहे. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "व्ही.पी.नं मागवायचंस ना."

मला हसू आलं. व्ही.पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट. पुण्याच्या प्रकाशकांची पुस्तकं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे रेडिओचे सुटे भाग, सगळं आमच्याकडे व्ही.पी.नं यायचं. पार्सल पोस्टमन आणणार, पैसे त्याच्या हातात द्यायचे, तिकडे विक्रेत्याला मनीऑर्डर जाणार. पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता यायचं नाही, त्यामुळे भलतंच काही निघालं तर पंचाईत. पण निदान पार्सल तरी आलेलं असायचं. दुकानदार वडिलांना ओळखत नव्हता, वडील दुकानदाराला ओळखत नव्हते. दोघंही खात्याला ओळखत होते. एकमेकांवर विश्वास ठेवायची त्यांना गरजच पडली नव्हती, म्हणून कुणी कुणाचा अपमानही केला नाही.

तो ट्रॅकिंग नंबर त्यांनी मागून घेतला. दोन अक्षरं, नऊ आकडे, दोन अक्षरं. जगभरच्या टपालखात्यांचा हा साचा एकच आहे, आणि नववा आकडा आधीच्या आठांवरून ठरतो. मी तेव्हा नुकतंच वाचलं होतं, ते वहीत लिहून दिलं. आठ आकडे ओळीनं 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 या संख्यांनी गुणायचे, बेरजेला 11 नं भागायचं, बाकी 11 मधून वजा करायची. 10 उरले तर शून्य धरायचं, 11 उरले तर 5. वडिलांनी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं गुणाकार मांडले. उत्तर 7 आलं. नंबरात होता 4. त्यांनी पुन्हा ताळा केला. मग म्हणाले, "ह्यानं खोटं सुद्धा नीट केलं नाही."

पैसे गेल्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं असावं.

दुसऱ्यांदा मी ईबेवरून मागवलं. त्यांचं भारतातलं दुकान 2018 मध्ये बंद झालं, पण बाहेरच्या साइटवरून आपल्याला घेता येतं. विक्रेता जर्मनीतला, अनेक वर्षं व्हॉल्व्हच विकणारा. हे मुद्दाम पाहिलं, कारण काल-परवापर्यंत मोबाइलची कव्हरं विकणारं खातं अचानक महाग वस्तू विकायला लागलं तर ते खातं चोरलेलं असू शकतं. नाराज गिऱ्हाइकांचे शेरे आधी वाचले. पॅकिंगबद्दल कुरकुर होती, माल न आल्याची नव्हती. तारखेचा फोटो मागताना मी तीन ओळींची क्षमा मागितली. तासाभरात फोटो आला, व्हॉल्व्ह पेटवलेला, खाली त्या दिवसाचं वर्तमानपत्र. सोबत एकच ओळ, पैसे साइटवरूनच भरा, बाहेर भरलेत तर दोघांनाही संरक्षण नाही. आजी नाही, राज कपूर नाही. इतकं कोरडं पत्र वाचून इतकं हायसं वाटेल असं वाटलं नव्हतं.

क्रेडिट कार्डानं भरले. कार्डावरचे परदेशी व्यवहार आपल्याकडे बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येतात. परदेशी साइटवर बहुधा ओटीपी मागत नाहीत, नुसते कार्डावरचे आकडे पुरतात, म्हणून मर्यादा 5,000 ठेवली, पैसे गेले की बटण बंद केलं. रुपयात रूपांतर करताना बँकेनं तीन-साडेतीन टक्के घेतले. घेऊ देत. माल आला नाही तर साइटकडे दाद मागता येते, तिथं नाही जमलं तर कार्डाच्या बँकेकडे. मध्ये उभं राहणाऱ्याची ती मजुरी.

पार्सल वाटेत असताना मोबाइलवर संदेश आला. पत्ता अपुरा असल्यानं तुमचं पार्सल अडकलं आहे, या दुव्यावर 25 रुपये भरा. नेमकं तेव्हाच! पण असे संदेश पार्सल नसलेल्या शेजाऱ्यांनाही आले होते. मी खऱ्या नंबरावर टपालखात्याच्या साइटवर पाहिलं. पार्सल मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात होतं, कस्टमची तपासणी चालू. या नंबराचाही वडिलांनी ताळा केला होता. आकडा जुळला तेव्हा त्यांनी त्यावर हिशेबनीस करतात तशी बरोबरची खूण केली.

नऊ दिवसांनी पोस्टमन आला. खोका कस्टमनं उघडून पुन्हा चिकटवलेला. ड्युटी किती ते पावतीवर होतं, पैसे मी त्याच्या हातात दिले. वडील तेव्हा आतल्या खोलीत झोपले होते. मी आणि दुरुस्तीवाल्या काकांनी दुपारी व्हॉल्व्ह बसवला, रेडिओ तापायला वेळ दिला. आधी काहीच नाही, मग काचेआड हिरवं पसरलं. वडिलांना हाताला धरून आणलं. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि बटण अगदी सावकाश फिरवायला लागले. सावली मिटली तिथं थांबले. काकांनी मला आवाज वाढवायची खूण केली, मी वाढवला.

वडील डोळ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोस्टमनला चहा दिलास का?"