पिशोरहून मालेगावला : कॅमेऱ्यामागे कुणाला जागा?

आमचे पिशोर कन्नड तालुक्यात, अंजना नदीच्या काठी. दूरवर डोंगररांगा, शेतात कापूस, मका, आले. घरात दखनी, बाजारात मराठी, अशी आमची रोजची बोली. पूर्वी निकाहाच्या शूटिंगसाठी कॅमेरावाला बाहेरून यायचा. आता घरोघरी मोबाइल आहे. आठवी-नववीची मुले गावच्या बातम्या, दादाजानच्या गोष्टी, बाजारभाव असे छोटे कार्यक्रम तयार करू पाहतात. पण मोबाइल ज्याचा, कार्यक्रम त्याचा! बाकीची मुले मागे उभी राहून बघतात आणि मुली त्यांच्याही मागे. नवख्या पोराला आत घ्यायचे कसे, हे पाहायला म्हणून सुटीत मालेगावची वाट धरली.

कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव. इथे स्टेशनजवळच्या घरात केकी मूस हे मोठे छायाचित्रकार राहत. जवळपास अर्धे शतक ते फारसे घराबाहेर पडले नाहीत. त्यांची कला थोर, पण एकट्याची. पुढे मालेगावात मात्र कला म्हणजे मोहल्ल्याचे काम.

मालेगाव हे नवख्यांनीच वाढवलेले शहर. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातले अनेक विणकर इथे येऊन स्थिरावले. आज मोसम नदीच्या अलीकडे-पलीकडे यंत्रमागांची खडखड ऐकू येते. जुम्याला माग बंद राहतात, कामगार सिनेमाला जातात. याच शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून चित्रफिती जुळवण्याचे हुनर स्वतःच आत्मसात केले आणि 2000 साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केला. घोड्यांऐवजी सायकली, रेल्वेऐवजी बस! प्रेक्षक पोट धरून हसले, पण त्या हसण्यात अभिमानही होता. पडद्यावर आपलीच गल्ली होती, आपलेच लोक होते.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ तयार झाला. त्याची हकीकत फैझा अहमद खान यांनी 2008 च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली आहे. त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावरचा कामगार, अंगाने काडीसारखा. त्याला उडवायला हिरवे कापड आणि एक वाहन पुरले. शूटिंग चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला. हा एकच कॅमेरा, तोही मोठ्या मुश्किलीने मिळवलेला. तरी काम थांबले नाही. दुरुस्ती झाली आणि मंडळी पुन्हा जमली. शफीक पुढे कर्करोगाने अल्लाहला प्यारा झाला, पण त्याचे हसू त्या माहितीपटात राहिले.

या मंडळींत शिरायला कोणी दाखला मागत नसे. ज्याला जे येते ते त्याने करायचे, येत नसेल तर शेजारी उभे राहून शिकायचे. माग शिकायचीही हीच रीत आहे. शागीर्द आधी उस्तादाचा हात बघतो, मग तुटलेला धागा जोडतो, मग माग सांभाळतो.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. या चित्रपटांतल्या नायिका बाहेरगावच्या. मालेगावची मुलगी पडद्यावर नाही. घरच्यांची काळजी मी समजू शकते. लोक काय म्हणतील, व्हिडिओ कुठे-कुठे फिरेल, ही भीती खोटी नाही. पण पडद्यावर यायचे नसेल, तर कॅमेऱ्यामागे यायला काय हरकत आहे?

याचे उत्तर अहमदाबादेत फार आधी मिळाले आहे. 1984 मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने 20 जणींना तीन आठवडे व्हिडिओचे शिक्षण दिले. शिकवायला मार्था स्टुअर्ट अमेरिकेहून आल्या होत्या. शिकणाऱ्यांत हिंदूही होत्या, मुस्लिमही, आणि कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. लीलाबेन दातनिया भाजी विकायच्या. त्याही कॅमेरा चालवायला शिकल्या. इंग्रजी अक्षरे येत नसली, तरी कोणते बटण कशाचे, हे हाताला आणि डोळ्याला सवयीने कळते. आधी लिहा-वाचायला शिका आणि मग कॅमेऱ्याला हात लावा, असे कोणी म्हटले असते, तर ‘व्हिडिओ सेवा’ उभीच राहिली नसती.

पिशोरला परतल्यावर आम्ही शिक्षकांनी मुलांसाठी चार नियम ठरवले. नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी खरे काम द्यायचे: आवाज तपासणे, पाहुण्यांना पाणी देऊन बसवणे, प्रश्न वहीत लिहिणे. प्रत्येक नवख्याबरोबर एक जुना. त्याने शिकवायचे, हातातून मोबाइल काढून घ्यायचा नाही. कार्यक्रमाच्या शेवटी सर्वांची नावे द्यायची, पाणी देणाऱ्याचेही. आणि कोणाचाही चेहरा दाखवण्याआधी त्याची आणि घरच्यांची इजाजत घ्यायची. ‘नको’ म्हटले की तो विषय तिथेच संपला.

चौथ्या नियमाने मोठा फरक पडला. अम्मी-अब्बांना भरवसा आला की विचारल्याशिवाय काही होणार नाही. दोन मुली आता आवाज आणि जोडणीचे काम करतात. त्यांतली एक बुजरी होती, वर्गात उत्तर द्यायलाही उठत नसे. परवा तिने आपल्या नानीकडून आल्याच्या लागवडीची माहिती घेतली. नानी पडद्यावर दिसत नाही. दिसतात ते मातीने भरलेले तिचे हात आणि ऐकू येतो आवाज. शेवटी मुलांनी नानीचेही नाव दिले, तिला विचारूनच.

तुमच्या गावात, मोहल्ल्यात मुले असे काही करत असतील, तर एकदा जाऊन बघा. कॅमेऱ्यासमोर कोण आहे ते नंतर बघा. आधी बघा, दाराशी कोण उभे आहे, आणि त्याला आत बोलवा.